एम्बापे गेल्यानंतरचे पॅरिस सेंट-जर्मेन: एका हंगामाचा हिशेब

फ्रान्सचा फुटबॉलपटू किलियन एम्बापे याने पॅरिस सेंट-जर्मेन या फ्रेंच क्लबकडून, म्हणजे पीएसजीकडून, सात हंगामांत ३०८ सामने खेळून २५६ गोल केले. क्लबच्या इतिहासात एवढे गोल दुसऱ्या कुणाच्याच नावावर नाहीत. ३० जून २०२४ रोजी त्याचा करार संपला आणि तो रेयाल माद्रिदला गेला. २०१७ मध्ये मोनाकोकडून ज्याला सुमारे १८ कोटी युरोंच्या बोलीवर आणले, त्याच्या जाण्याने क्लबच्या तिजोरीत एक युरोही आला नाही. अकरा महिन्यांनी, ३१ मे २०२५ रोजी, याच क्लबने म्युनिकमध्ये इंटर मिलानला ५-० हरवून पहिल्यांदा चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सर्वोच्च स्पर्धा, जिंकली.

त्यानंतर एक वाक्य सगळीकडे ऐकू येऊ लागले: एम्बापे गेला म्हणून संघ सुधारला. ते अर्धेच खरे आहे. त्याच हंगामात एम्बापेने माद्रिदसाठी स्पॅनिश लीगमध्ये ३१ गोल करून युरोपातल्या सर्वाधिक लीग-गोलांचा गोल्डन शू मिळवला. त्याचा खेळ काही उतरला नव्हता. शिवाय नोव्हेंबर २०२४ च्या अखेरीस पीएसजी चॅम्पियन्स लीगच्या पहिल्याच फेरीत गारद व्हायच्या बेतात होते. म्हणजे त्याचे जाणे आणि संघाचे सावरणे यांच्या मध्ये बरेच काही घडले, आणि खरा अभ्यास त्या मधल्या काळाचा करायला हवा.

करारातली चूक

गोष्ट सुरू होते २०२१ च्या उन्हाळ्यात. एम्बापेच्या करारात एक वर्ष उरले होते आणि रेयाल माद्रिदने १६ कोटी, मग त्याहून जास्त युरो देऊ केले. पीएसजीने नकार दिला. मे २०२२ मध्ये तो माद्रिदला जाणार हे जवळजवळ ठरलेले असताना त्याने पॅरिसमध्येच नव्या करारावर सही केली. पार्क दे प्रँस मैदानावर ‘२०२५’ लिहिलेली जर्सी हातात धरून त्याचा फोटो निघाला. पण प्रत्यक्षात करार दोन वर्षांचाच होता. तिसरे वर्ष ऐच्छिक होते आणि तो पर्याय वापरायचा की नाही हे खेळाडूच्या हातात होते.

सगळ्या प्रकरणाची गाठ इथे बसते. ऐच्छिक वर्ष क्लबच्या हातात असेल तर क्लब ते वापरून विक्रीची किंमत टिकवू शकतो. ते खेळाडूच्या हातात असेल तर त्याने ‘नाही’ म्हटल्याच्या दिवसापासून क्लबजवळ फक्त एक उन्हाळा उरतो. पुढचा जानेवारी उजाडला की करार संपत आलेला खेळाडू दुसऱ्या देशातल्या क्लबशी थेट बोलणी करू शकतो, आणि मग त्याच्यासाठी पैसे कोण मोजणार? जून २०२३ मध्ये एम्बापेने पत्र पाठवून कळवले की आपण ते वर्ष वापरणार नाही. क्लबने त्याला जपानच्या दौऱ्यातून वगळले आणि विकायला काढलेल्या खेळाडूंसोबत वेगळा सराव करायला लावला. सौदीच्या अल-हिलालने ३० कोटी युरो देऊ केले, ते क्लबने मान्यही केले. एम्बापे त्यांना भेटायलाच तयार झाला नाही. १२ ऑगस्टला लोरिआँविरुद्धचा हंगामातला पहिला सामना त्याच्याविना ०-० सुटला आणि दुसऱ्या दिवशी तो मुख्य संघात परतला.

त्या परतण्यामागे नेमके काय ठरले, यावरून पुढे कोर्टकचेरी झाली. क्लबचे म्हणणे असे की फुकटात गेलास तर काही रकमा सोडून देशील असे तू कबूल केले होतेस. त्याचे म्हणणे, असे काही कबूल केलेच नव्हते. त्याने ५.५ कोटी युरोंच्या थकबाकीचा दावा केला. त्यात करारावर सही केल्याच्या बोनसचा शेवटचा हप्ता, ३.६ कोटी, आणि उरलेले बहुतेक एप्रिल, मे, जून या तीन महिन्यांचे वेतन. या तीन महिन्यांच्या आकड्यावरून वर्षाचा पगार काढला तर तो सात कोटींच्या पुढे जातो. सप्टेंबर २०२४ मध्ये फ्रेंच लीगच्या समितीने एम्बापेच्या बाजूने कौल दिला. डिसेंबर २०२५ मध्ये पॅरिसच्या कामगार न्यायालयानेही क्लबला सुमारे सहा कोटी युरो द्यायला सांगितले. लाखमोलाची गोष्ट तोंडी ठेवली की काय होते, त्याचा हा आकडा.

हिशेबाच्या वहीत मात्र एम्बापेच्या जाण्याने खड्डा पडला नाही, आणि याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. खेळाडूसाठी दिलेली फी क्लब एकदम खर्ची टाकत नाहीत. कराराच्या वर्षांवर ती वाटून घेतात. सहा कोटींचा खेळाडू पाच वर्षांच्या करारावर आला तर दरसाल १.२ कोटी खर्च दिसतो. एम्बापेची २०१७ ची फी पहिल्या कराराच्या वर्षांत बहुतेक फिटून गेली होती. त्यामुळे तो गेला तेव्हा ‘तोटा’ नोंदवावा लागला नाही. पण विकला असता तर आलेली जवळजवळ सगळी रक्कम निव्वळ नफा म्हणून दिसली असती, आणि युरोपीय फुटबॉल महासंघाच्या खर्च-मर्यादेच्या हिशेबात तो नफा मोलाचा ठरला असता. याच नियमांखाली सप्टेंबर २०२२ मध्ये पीएसजीवर ६.५ कोटींचा दंड लागला होता. त्यातले एक कोटी लगेच भरायचे होते आणि उरलेले अटींवर अवलंबून होते. तेव्हा एम्बापे जाण्याचा आर्थिक फायदा एकच होता: एक प्रचंड पगार मोकळा झाला.

जाण्याआधीची तालीम

क्लबने जे बरोबर केले ते बहुतेक सगळे तो जाण्याच्या आधीच्या वर्षात केले. २०२३ च्या उन्हाळ्यात मेस्सी गेला, नेमार अल-हिलालला विकला गेला, मधल्या फळीतला व्हेरात्तीही गेला. लुईस एन्रिके प्रशिक्षक म्हणून आले. बार्सिलोनाकडून उस्मान डेम्बेले सुमारे पाच कोटींना आणि लिऑंकडून ब्रॅडली बार्कोला साधारण ४.५ कोटींना घेतले. बेनफिकाचा गोन्सालो रामोस आला. फुटबॉल सल्लागार लुईस कांपोस यांच्या या यादीत वय आणि पळण्याची ताकद दोन्ही पाहिलेले दिसतात.

एक मोठी चूकही त्याच उन्हाळ्यात झाली. खेळाडूंच्या खरेदी-विक्रीची मुदत, म्हणजे ‘खिडकी’, बंद होण्याच्या शेवटच्या दिवशी फ्रँकफर्टकडून रँडल कोलो मुआनीला बोनस धरून नऊ कोटींहून अधिक किमतीला आणले. शेवटच्या दिवशी खरेदी करणाऱ्याची निकड विकणाऱ्याला दिसत असते आणि किंमत तिथेच ठरते. शिवाय तो मोकळ्या जागेत धावत सुटणारा आघाडीपटू. पीएसजीसमोर फ्रान्समधले बहुतेक संघ आपल्याच पेनल्टी क्षेत्रासमोर दहा माणसे उभी करतात. धावायला जागा असते कुठे? दीड वर्षात त्याला युव्हेंटसकडे उसने पाठवावे लागले.

फेब्रुवारी २०२४ मध्ये एम्बापेने आपण जाणार असल्याचे क्लबला सांगितले आणि एन्रिकेंनी त्याच महिन्यात तालीम सुरू केली. २५ फेब्रुवारीला रेनविरुद्ध संघ पिछाडीवर असताना त्याला ६५ व्या मिनिटाच्या सुमारास बाहेर काढले. पुढच्या आठवड्यात मोनाकोविरुद्ध मध्यंतरालाच. ३१ मार्चला मार्सेलविरुद्ध, म्हणजे फ्रान्समधल्या सर्वांत तापलेल्या लढतीत, पुन्हा तसेच. आज ना उद्या त्याच्याविना खेळायचेच आहे, सवय आत्तापासून करू, असे त्यांनी पत्रकारांना सरळ सांगितले. त्यावर गदारोळ झाला, प्रेक्षक नाराज झाले. पण लीगमध्ये आघाडी भक्कम असताना, गुण गमावण्याची किंमत कमी असताना हा सराव करून घेणे हा आमच्या मते संपूर्ण प्रकरणातला सर्वांत धीट आणि सर्वांत कमी कौतुक झालेला निर्णय होता.

खिंडार केवढे होते

२०२३-२४ मध्ये पीएसजीने लीगमध्ये ८१ गोल केले, त्यातले २७ एकट्या एम्बापेचे. बरोबर एक तृतीयांश. सर्व स्पर्धा धरून त्याचे ४४. हा झाला दिसणारा भाग.

न दिसणारा भाग चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे असतानाचा. एम्बापे डावीकडे वर थांबायचा आणि बचावाला क्वचितच खाली यायचा. त्याची भीती असल्याने प्रतिस्पर्ध्याचा उजवा बचावपटूही वर जायला कचरायचा, हा फायदा होताच. पण त्याच्या वाटचे धावणे डावीकडच्या मध्यरक्षकाला करावे लागायचे, त्याची मोकळी झालेली जागा भरायला दुसरा सरकायचा, आणि सरकत सरकत उजवीकडे भगदाड पडायचे. मेस्सी, नेमार आणि एम्बापे एकत्र असलेल्या दोन हंगामांत तर तिघेही वर आणि सात जण मागे, असे चित्र होते. दोन्ही वर्षी चॅम्पियन्स लीगमध्ये संघ उपउपांत्यपूर्व फेरीतच बाद झाला, एकदा माद्रिदकडून आणि एकदा बायर्नकडून. २०२४ च्या उपांत्य फेरीत डॉर्टमुंडने दोन्ही सामने १-० जिंकले. पीएसजीचे फटके दोन सामन्यांत मिळून सहा वेळा खांब-दांडीला लागले, म्हणजे नशीबही रुसलेले होते; पण गोल एकही झाला नाही.

बार्सिलोनाने केले ते केले नाही

तारा खेळाडू गेला की पहिला मोह होतो तशाच दुसऱ्याला आणण्याचा. पीएसजीला याचे उदाहरण शोधायला लांब जावे लागत नव्हते; ते त्यांनीच घडवलेले होते. ऑगस्ट २०१७ मध्ये त्यांनी नेमारसाठी बार्सिलोनाला २२.२ कोटी युरो दिले. तीन आठवड्यांत बार्सिलोनाने डॉर्टमुंडकडून १०.५ कोटी अधिक बोनस देऊन एक वीस वर्षांचा विंगर, म्हणजे कडेने हल्ला करणारा खेळाडू, आणला आणि जानेवारीत लिव्हरपूलकडून फिलिपे कुटिन्योला १२ कोटी अधिक बोनसवर. विकणाऱ्या दोन्ही क्लबांना बार्सिलोनाच्या खिशात किती पैसे आहेत हे आकड्यासकट ठाऊक होते. कुटिन्योला पुढे बायर्नकडे उसने दिले आणि ऑगस्ट २०२० मध्ये बायर्नने बार्सिलोनाला ८-२ चिरडले, तेव्हा शेवटचे दोन गोल त्यानेच केले. आणि तो वीस वर्षांचा विंगर म्हणजे उस्मान डेम्बेले. नेमारची जागा भरायला आणलेला आणि दुखापतींत अडकलेला हाच खेळाडू सहा वर्षांनी निम्म्याहून कमी किमतीला पॅरिसला आला.

२०२४ च्या उन्हाळ्यात पीएसजीने घेतलेली नावे पाहा. बेनफिकाचा १९ वर्षांचा मध्यरक्षक जोआव नेवेस, सुमारे सहा कोटी. रेनचा १९ वर्षांचा डेझिरे दुए, पाच कोटी. फ्रँकफर्टचा सेंटर-बॅक, म्हणजे मधला बचावपटू, विल्यन पाचो, साधारण चार कोटी. क्रास्नोदारचा गोलरक्षक मातवेई साफोनोव्ह, दोन कोटी. बेरीज १७ कोटींच्या आसपास, म्हणजे २०२१ मध्ये माद्रिद एकट्या एम्बापेसाठी द्यायला तयार होते तेवढी. मध्यरक्षक उगार्ते मँचेस्टर युनायटेडला विकून त्यातले जवळजवळ पाच कोटी परतही आले.

या यादीत स्ट्रायकर, म्हणजे मुख्यतः गोल करणारा आघाडीपटू, एकही नाही. एकाने चाळीस गोल करण्यापेक्षा चौघांनी बारा-बारा करावेत, हे एन्रिकेंचे गणित होते. कागदावर ते पटते. मैदानात ते जुळायला पाच महिने लागले.

सप्टेंबर ते नोव्हेंबर: काय बिघडले

१६ ऑगस्टला लीगच्या पहिल्याच सामन्यात रामोसचा घोटा दुखावला आणि तो तीन महिने बाहेर गेला. संघातला एकमेव चालता सेंटर-फॉरवर्ड गेला. कोलो मुआनीवर प्रशिक्षकांचा भरवसा बसला नव्हता. फ्रेंच लीगमध्ये याची झळ लागली नाही. बार्कोला डावीकडून आत शिरून गोलांमागून गोल करत होता. पण चॅम्पियन्स लीगमध्ये बघा: जिरोनाविरुद्ध १-० विजय, तोही ९० व्या मिनिटाला त्यांच्या गोलरक्षकाच्या हातून झालेल्या स्वयंगोलाने. आर्सेनलकडून ०-२. पीएसव्हीशी १-१. अॅटलेटिको माद्रिदकडून घरच्या मैदानावर १-२, त्यातला दुसरा गोल भरपाई वेळेत. २६ नोव्हेंबरला म्युनिकमध्ये बायर्नकडून ०-१. पाच सामन्यांत चार गुण आणि अवघे तीन गोल. ३६ संघांतले पहिले २४ पुढे जाणार होते आणि पीएसजी त्यांच्या बाहेर होते.

चेंडू बहुतेक वेळ त्यांच्याकडेच असायचा आणि फटकेही भरपूर व्हायचे, मग गोल का होत नव्हते? आमच्या वाचनाप्रमाणे तीन गोष्टी एकत्र आल्या होत्या. पहिली, मधल्या आघाडीच्या जागी कधी असेन्सिओ, कधी ली कांग-इन यांना खेळवले जात होते. दोघेही चेंडू पायात मागणारे. ते खाली यायचे, पण त्यांनी मोकळ्या केलेल्या जागेत वेगाने शिरणारे कुणी नव्हते. दुसरी, डेम्बेले उजव्या रेषेला चिकटून खेळत होता. तिथून तो एकाला चकवायचा, दुसरा समोर यायचा, आणि चेंडू पुन्हा मागे. गोलपासून पस्तीस मीटरवर कितीही चांगला ड्रिबल केला तरी गोल होत नाही. तिसरी गोष्ट वयाची. नेवेस, दुए, बार्कोला, झाएर-एमरी यांच्यापैकी कुणालाही शेवटच्या वीस मिनिटांत, निकाल हातातून निसटताना, ‘चेंडू मला द्या’ असे म्हणायची सवय नव्हती. सात वर्षे ते काम एम्बापेचे होते.

शिस्तीचाही प्रश्न याच काळात आला. आर्सेनलला जाताना एन्रिकेंनी डेम्बेलेला संघातूनच वगळले. सामना हरले, टीका झाली, ते निर्णयावर ठाम राहिले. जो खेळाडू पुढे हंगामाचा कणा ठरला त्यालाच ऑक्टोबरमध्ये घरी ठेवले गेले होते, हे आज मागे वळून बघताना विशेष वाटते. संघातला नवा पहिला क्रमांक ठरण्याआधीच नियम ठरले: जागा कुणाचीही पक्की नाही.

म्युनिकची ती रात्र तळ गाठणारी. नेहमीचा गोलरक्षक दोन्नारुम्मा याला बसवून साफोनोव्हला गोलमध्ये उभे केले होते. कॉर्नरवर त्याचा अंदाज चुकला आणि किम मिन-जेने डोक्याने गोल केला. ५६ व्या मिनिटाला डेम्बेलेला दुसरे पिवळे कार्ड मिळून तो बाहेर गेला. मैदान होते अलियान्झ अरेना.

डेम्बेले मधोमध

उत्तर बाहेरून आणावे लागले नाही. डिसेंबरमध्ये एन्रिकेंनी डेम्बेलेला उजव्या रेषेवरून उचलून आघाडीच्या मधोमध ठेवले. याला ‘फॉल्स नाइन’ म्हणतात: अंगावर नऊ नंबरचे, म्हणजे मधल्या आघाडीपटूचे काम, पण उभे राहण्याची जागा मधल्या फळीजवळ.

हे कसे चालते ते एका हल्ल्यात बघता येते. मध्यरक्षक व्हितिन्हा खाली उतरून सेंटर-बॅककडून चेंडू घेतो. हकिमी आणि नुनो मेंडेस हे दोन्ही फुल-बॅक, म्हणजे कडेचे बचावपटू, वर सरकतात. आता डेम्बेले बचावपटूला सोडून दहा-पंधरा मीटर खाली येतो. समोरच्या सेंटर-बॅकला क्षणात ठरवावे लागते. तो मागोमाग आला तर त्याच्या पाठीमागे जी जागा सुटते तीत बार्कोला किंवा दुए तिरका घुसतो आणि व्हितिन्हाचा पास तिथेच पडतो. तो जागेवर थांबला तर डेम्बेलेला वळायला अवधी मिळतो, आणि डेम्बेलेचे दोन्ही पाय सारखेच चालतात. उजव्या पायाचा खेळाडू कोणत्या बाजूने फटका मारणार हे बचावपटूला थोडेतरी कळते. याच्या बाबतीत ते कळायला मार्गच नाही. कोलो मुआनीला हे जमत नव्हते कारण तो पाठीमागच्या जागेवर जगणारा खेळाडू. असेन्सिओ खाली येऊन चेंडू छान घ्यायचा, पण वळून वेगाने अंगावर जाणे त्याच्याकडे नव्हते. डेम्बेलेकडे दोन्ही होते.

दुसरा बदल चेंडू नसतानाचा. प्रतिस्पर्ध्याच्या गोलरक्षकाकडे चेंडू गेला की सर्वांत आधी डेम्बेले धावतो, पण सरळ नाही, किंचित वळसा घेऊन, जेणेकरून एका सेंटर-बॅककडे जाणारी वाट त्याच्या अंगाने झाकली जाईल. उरलेल्या बाजूला प्रत्येक खेळाडूला एकेक जण चिकटतो. नेवेस जेमतेम १.७४ मीटर उंचीचा, पण झटापटीतून सुटून उडालेल्या चेंडूवर हाच आधी पोहोचतो. या पद्धतीचा धोकाही तेवढाच उघड आहे: मागे मार्किन्योस आणि पाचो एकास एक उरतात. पाचोचे चार कोटी नेमके त्यासाठी होते.

२२ जानेवारीला मँचेस्टर सिटीविरुद्ध पॅरिसमध्ये पीएसजी ५३ व्या मिनिटाला ०-२ पिछाडीवर होते. मध्यंतरानंतर मैदानात उतरलेल्या डेम्बेलेने पुढच्या तीन मिनिटांत एक परत केला, मग बार्कोला, नेवेस, शेवटी रामोस. ४-२. चार गोल, चार नावे. आठवड्याने श्टुटगार्टला ४-१ हरवताना डेम्बेलेची हॅट-ट्रिक. पहिली फेरी १३ गुणांसह पंधराव्या स्थानावर संपली.

जानेवारीतच नापोलीकडून ख्विचा क्वारात्सखेलिया सुमारे सात कोटींना आला. एम्बापेच्या बाजूचा, म्हणजे डावीकडचा, पहिला मोठा खेळाडू तो गेल्यानंतर सहा महिन्यांनी घेतला गेला. जुलैत घेतला असता तर ‘नवा एम्बापे’ हे ओझे त्याच्या पाठीवर बसले असते आणि संघ पुन्हा त्याच्याभोवती रचला गेला असता. जानेवारीत साचा तयार होता. त्यात बसणारा माणूस निवडायचा होता. आणि क्वारात्सखेलिया गडी असा की स्वतःच्या कॉर्नर फ्लॅगपर्यंत परत धावून चेंडू हिसकावतो.

वसंतातले सामने आणि म्युनिक

ब्रेस्टला दोन सामन्यांत मिळून १०-० हरवले. मग लिव्हरपूल. पॅरिसमध्ये २७ फटके मारून एकही गोल नाही. लिव्हरपूलचे दोनच फटके आणि ८७ व्या मिनिटाला हार्वी एलियटचा गोल. जुने पीएसजी इथे मोडले असते. अॅनफिल्डवर १२ व्या मिनिटाला डेम्बेलेने गोल केला आणि पेनल्टींवर दोन्नारुम्माने दोन अडवल्या. अॅस्टन व्हिलाविरुद्ध पद्धतीचा कमकुवतपणा दिसला: परतीच्या सामन्यात २-० आघाडी घेतल्यावर पुढच्या फळीचा दाब ओसरला, मागचे एकास एक उघडे पडले आणि तीन गोल खाल्ले. एकूण ५-४ वर निभावले. उपांत्य फेरीत आर्सेनलला दोन्ही वेळा हरवले.

३१ मेच्या अंतिम सामन्यातली दोन दृश्ये जवळून पाहण्याजोगी आहेत. पहिले, सुरुवातीचाच क्षण. सेंटर सर्कलमधून चेंडू मागे आला आणि व्हितिन्हाने तो मुद्दाम लांब, इंटरच्या कोपऱ्याजवळ रेषेबाहेर मारला. थ्रो-इन इंटरचा, पण तो स्वतःच्या कोपऱ्यातून, सभोवती पीएसजीचे खेळाडू. पहिल्या सेकंदापासून दाब कुठून टाकायचा ते पीएसजीने स्वतः ठरवले. दुसरे, इंटरचा गोलरक्षक सोमर गोल-किक घ्यायला चेंडू ठेवत असताना पेनल्टी क्षेत्राच्या कडेवर उभा डेम्बेले: गुडघे वाकलेले, अंग पुढे झुकलेले, शर्यतीच्या रेषेवर बंदुकीच्या आवाजाची वाट पाहणाऱ्या धावपटूसारखा. त्या रात्री त्याने एकही गोल केला नाही. १२ व्या मिनिटाला हकिमी, २० व्या आणि ६३ व्या मिनिटाला दुए, ७३ व्या मिनिटाला क्वारात्सखेलिया, ८६ व्या मिनिटाला क्लबच्याच अकादमीतला मायुलु. पाच गोल, पुन्हा चार नावे. युरोपच्या सर्वोच्च स्पर्धेचा अंतिम सामना एवढ्या फरकाने याआधी कुणी जिंकला नव्हता. मैदान तेच, जिथे सहा महिन्यांपूर्वी डेम्बेले लाल कार्ड घेऊन बाहेर गेला होता. सप्टेंबरमध्ये जगातल्या सर्वोत्तम खेळाडूचा बालाँ द’ऑर पुरस्कार डेम्बेलेला मिळाला.

लीगचे आकडे ही वाटणी स्पष्ट दाखवतात. एम्बापेच्या शेवटच्या हंगामात ८१ गोल होते. त्याच्याविना ९२ झाले. सर्वाधिक गोल डेम्बेलेचे, २१, म्हणजे एकूण गोलांच्या चौथ्या हिश्शाहूनही कमी. त्यामागे बार्कोला १४. गुण ७६ वरून ८४.

त्यानंतर

९ जुलैला क्लब विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत पीएसजीने रेयाल माद्रिदला ४-० हरवले; एम्बापे समोर होता. पण चारच दिवसांनी चेल्सीने अंतिम सामन्यात पीएसजीला ३-० धूळ चारली. चेल्सीने दाबात अडकायचे टाळले, गोलरक्षकाकडून लांब चेंडू थेट वर मारले आणि नुनो मेंडेस पुढे गेल्यावर त्याच्या पाठीमागे सुटणाऱ्या जागेत कोल पामरला सोडले. ही पद्धत फोडायची कशी, हे त्या दिवशी सगळ्या प्रशिक्षकांनी पाहिले.

करारातला धडा मात्र क्लबने लगेच वापरला. दोन्नारुम्माचा करार २०२६ मध्ये संपणार होता आणि नव्या करारावर एकमत होत नव्हते. एम्बापेच्या वेळी याच टप्प्यावर एक वर्ष वाट पाहिली गेली होती. या वेळी ऑगस्ट २०२५ च्या सुरुवातीलाच लिलचा लुका शेवालिए सुमारे चार कोटींना घेतला, युरोपीय सुपर कपच्या संघातून दोन्नारुम्माला वगळले आणि खिडकी बंद होताना त्याला मँचेस्टर सिटीला विकले. निर्णयाची संपूर्ण जबाबदारी एन्रिकेंनी स्वतःवर घेतली. अॅनफिल्डवर पेनल्टी अडवणाऱ्या माणसाला असे पाठवणे अनेक समर्थकांना झोंबले, आणि ते झोंबणे आम्हाला समजते. शेवालिएचीही सुरुवात डळमळीत झाली: टॉटनहॅमविरुद्धच्या त्या सुपर कपमध्येच एक गोल त्याच्या चुकीने गेला, मग पेनल्टींमध्ये त्याने एक अडवली.

१७ डिसेंबर २०२५ रोजी कतारमध्ये इंटरकॉन्टिनेंटल कपचा अंतिम सामना फ्लामेंगोविरुद्ध १-१ सुटला आणि पेनल्टींवर गेला. गोलमध्ये साफोनोव्ह होता, दोन कोटींना आणलेला, म्युनिकच्या त्या नोव्हेंबरमधल्या कॉर्नरवर चुकलेला. त्याने चार पेनल्टी अडवल्या.